दुकानातील सीड्या : चेंजरचा वापर आणि तबकडीची निगा

व्यापारात बहुधा माल जातो, पैसा येतो आणि व्यवहार तेथेच मिटतो. परंतु काही धंद्यांत ग्राहकाची वस्तू वर्षानुवर्षे आपल्याकडे पडून राहते. लग्नाचे चित्रीकरण करणारे, फोटोवाले, भरतकामाचे नमुने मशीनसाठी साठवणारे कारागीर, लाकडाची जाळी कापण्याची डिझाइने सांभाळणारे सुतार, जुनी बिले व कागदपत्रे स्कॅन करून ठेवणारे दुकानदार, अशा आपल्या कितीतरी बांधवांच्या कपाटांत आज सीडी-डीव्हीडीचे ढीग आहेत. ते कोणी उघडून पाहत नाही. गरज पडते तेव्हा मात्र तबकडी चालत नाही आणि ग्राहकासमोर मान खाली घालावी लागते.

आमच्यावर ही वेळ आली आहे. कर्जत स्टेशनालगतच्या भिसेगावात आमचे चित्रीकरणाचे छोटे दुकान आहे. मागे एका पावसाळ्यात नेरळच्या एक भगिनी आल्या. २००६ साली त्यांच्या मुलीचा निकाह आम्ही चित्रित केला होता. दरम्यान त्यांचे यजमान वारले. त्या म्हणाल्या, "भाई, घरची सीडी पोरांनी खेळून खराब केली. तुमच्याकडे असेल तर काढून द्या. रुखसतीच्या वेळी ते मुलीशी बोलले होते. त्यांचा आवाज दुसरा कुठेच नाही."

आमची प्रत होती. कपाटातच होती. परंतु ती मऊ प्लास्टिकच्या पाकिटाला चिकटली होती आणि वर हौसेने लावलेले कागदी स्टिकर फुगून सुटले होते. ती स्वच्छ करून तीन निरनिराळ्या ड्राइव्हमध्ये घातली. निकाह निघाला, जेवणावळ निघाली, पाहुणे निघाले. शेवटचा भाग निघाला नाही. रुखसती अर्थातच शेवटी असते आणि तबकडीवर शेवटचा भाग बाहेरच्या कडेला असतो. कडच सर्वांत आधी जाते, हे आम्हास तेव्हा ठाऊक नव्हते. त्या भगिनी काही बोलल्या नाहीत. पैसे विचारले, ते आम्ही घेतले नाहीत. परंतु पैसे न घेतल्याने अमानत परत होत नाही.

त्यानंतर आम्ही या विषयाची नीट माहिती करून घेतली आणि दुकानातील सर्व तबकड्या तपासल्या. त्यातून जे शिकलो ते व्यावसायिक बांधवांपुढे ठेवीत आहोत.

तबकडीच्या पोटात काय असते?

सीडी ही फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून तयार केलेली वस्तू. १९८२ साली ती बाजारात आली. तिचा व्यास १२० मिलिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर. पॉलिकार्बोनेट नावाच्या पारदर्शक प्लास्टिकची ती चकती आहे. तिच्यावर आतून बाहेर जाणारी एकच सर्पिल रेषा असते. ही रेषा उलगडली तर सुमारे पाच किलोमीटर भरेल. लेझरचा किरण त्या रेषेवरील खुणा वाचत मध्यापासून कडेकडे जातो.

पुष्कळांची समजूत असते की चकाकणारी बाजू जपली की काम झाले. सीडीच्या बाबतीत ही समजूत उलटी आहे. सीडीची माहिती चकाकणाऱ्या बाजूला नसते, नाव लिहितो त्या बाजूला असते. तेथे प्रकाश परतवणारा धातूचा पातळ थर आणि त्यावर फक्त लाखेसारखा एक पापुद्रा असतो. खालच्या बाजूला ओरखडा पडला तर तो एक मिलिमीटरहून जाड प्लास्टिकवर पडतो व बहुधा पुसता येतो. वरच्या बाजूला बॉलपेनने जोरात नाव लिहिले तर माहितीच कोरून निघते. तिला इलाज नाही.

डीव्हीडीची रचना वेगळी आहे. तिच्यात प्रत्येकी ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहिती मध्ये असते. म्हणून वरचा ओरखडा तिला तितकासा बाधत नाही. मात्र चकती वाकवली तर जोड सुटतो. घट्ट डबीतून काढताना आपण तबकडी कमानीसारखी वाकवतो, ते तिला मारक आहे. मधले बटण दाबावे, मग तबकडी उचलावी. ब्लू-रेमध्ये माहिती वाचनाच्या बाजूला अवघ्या ०.१ मिलिमीटर आत असते. त्यावर कठीण लेप दिलेला असतो, तरी तिची खालची बाजू अधिक जपावी.

साठवणही ध्यानात ठेवावी. सीडीवर ६५० ते ७०० मेगाबाइट, एकथरी डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट, दोनथरी डीव्हीडीवर ८.५, तर एकथरी ब्लू-रेवर २५ गिगाबाइट मावतात. ४.७ गिगाबाइटची तबकडी संगणक ४.३८ दाखवतो म्हणून दुकानदाराने फसवले असे समजू नये. कारखाना हजाराच्या पटीने मोजतो आणि संगणक १०२४ च्या पटीने, इतकाच तो फरक आहे.

आणखी एक मोठा भेद आहे. बाजारातून आणलेली गाण्याची किंवा चित्रपटाची सीडी साच्यातून छापलेली असते. तिच्या खुणा प्लास्टिकमध्येच उमटलेल्या असतात. आपण दुकानात लिहितो त्या सीडी-आर व डीव्हीडी-आरमध्ये मात्र रंगाचा थर असतो आणि लेझर त्या रंगावर डाग पाडून माहिती लिहितो. कापडाचा कच्चा रंग उन्हात उडतो, तसाच हाही उडतो. म्हणून आपण लिहिलेल्या तबकडीला छापील तबकडीचे आयुष्य मिळेल असे धरून चालू नये. पुसून पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू तबकडी तर कायमच्या साठवणीस मुळीच वापरू नये.

कर्जत-खालापूरची हवा

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २००३ साली सीडी-डीव्हीडीच्या निगेविषयी एक मार्गदर्शिका काढली. दीर्घ साठवणीसाठी तिने ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितली आहे. आपल्याकडे ही गोष्ट बोलायलाच नको. माथेरानच्या पायथ्याशी, घाटाच्या तोंडाशी आपली वस्ती. पावसाळ्यात चार महिने हवा ओलीचिंब असते आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या गाळ्यात भट्टी पेटते. म्हणजे तबकडीला जे नको तेच आपल्याकडे मुबलक आहे.

ओलावा कडेतून आत शिरतो. धातूचा थर काळवंडतो. कागदी स्टिकर ओलावा धरते, आकसते, फुगते आणि पापुद्रा ओढते. बुरशीही धरते. २००१ साली मध्य अमेरिकेतील बेलीझ या दमट देशातून आलेल्या एका सीडीत बुरशीने कडेकडून आत शिरून धातूचा थर खाल्लेला एका स्पॅनिश शास्त्रज्ञास आढळला होता. तसे प्रकार विरळा, पण ओल आणि उष्णता एकत्र आली की काय होऊ शकते त्याचा हा नमुना आहे.

वातानुकूलित खोली परवडत नसेल तरी पुढील गोष्टी कोणासही करता येतील.

तबकडी कडक डबीत ठेवावी आणि डबी पुस्तकासारखी उभी ठेवावी. आडवे ढीग रचू नयेत. मऊ प्लास्टिकची पाकिटे व स्टीलच्या कांडीवर एकावर एक रचलेल्या तबकड्या ही साठवण नव्हे.

डब्या झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या पेटीत ठेवून आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. रंग बदलणारी जेल घ्यावी. रंग बदलला की ती पुन्हा वाळवून वापरता येते. पेटी कोरड्या दिवसांत भरावी. भर पावसात उघडझाप करू नये.

पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, जमिनीवर ठेवू नये, पत्र्याखालच्या माळ्यावर तर नकोच. दुकानाच्या काचेत तबकड्या शोभेला मांडून ऊन लागू देऊ नये. मोटारीच्या डॅशबोर्डवरील सीडी एका दुपारीत वाकते.

नाव लिहायचे तर मऊ टोकाच्या, पाण्याच्या शाईच्या मार्करने आणि शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावे. स्टिकर लावू नये. पूर्वी लावलेले असेल तर ते ओढून काढू नये. काढताना थरच निघून येतो. अशा तबकडीची आधी प्रत काढावी.

तबकडी धरताना बोटे फक्त कडेला व मधल्या छिद्राला लागावीत. अत्तर, तेल, मसाला, डिंक लागलेल्या हाताने ती उचलू नये.

पुसण्याची रीत

मऊ, स्वच्छ सुती कापड घ्यावे आणि मध्यापासून सरळ कडेकडे पुसावे. गोल गोल पुसू नये. यामागे कारण आहे. थोडी माहिती वाचता आली नाही तरी आसपासच्या माहितीवरून ती भरून काढण्याची सोय तबकडीत केलेली असते. सीडीमध्ये रेषेच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा खंड भरून निघतो. मध्यापासून कडेकडे गेलेला ओरखडा रेषेला आडवा छेदतो. तो प्रत्येक फेऱ्यात थोडेसेच बिघडवतो, म्हणून निभावतो. गोल ओरखडा रेषेच्या बाजूने धावतो आणि सलग माहिती घेऊन जातो.

नुसत्या कापडाने डाग न गेल्यास औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब कापडावर घ्यावेत. सुतारकाम व पॉलिशच्या धंद्यातील बांधवांना विशेष सांगणे असे की थिनर, अॅसिटोन, पेट्रोल यांना हात लावू नये. त्यांनी पॉलिकार्बोनेट विरघळते व तबकडी दुधाळ होते. टूथपेस्टने घासण्याचा उपाय लोक सांगतात. त्याने एखादा खालचा ओरखडा झिजून तबकडी चालतेही, पण दहा नवे बारीक ओरखडे पडतात. दुसरा मार्ग उरला नसेल तेव्हाचा तो उपाय आहे. ब्लू-रेवर तो करूच नये.

चेंजर म्हणजे काय, आणि तो घ्यावा काय?

शेकडो तबकड्या हाताने शोधण्यापेक्षा एकाच यंत्रात भरून ठेवाव्यात, बटण दाबताच हवी ती लागावी, या कल्पनेतून चेंजर निघाला. आधी सहा तबकड्यांची पेटी असलेले चेंजर आले. पुढे फिरत्या चक्रात दोनशे, तीनशे, चारशे तबकड्या उभ्या ठेवणारे आले. चक्र फिरते, एक हात तबकडी उचलतो, ड्राइव्हमध्ये घालतो व काम झाल्यावर पुन्हा आपल्या खणात ठेवतो. सोनीने २००५ साली संगणकाला जोडायचा दोनशे तबकड्यांचा चेंजर काढला आणि २००९ साली चारशे तबकड्यांचा ब्लू-रे चेंजर काढला. आता अशी यंत्रे जुन्या बाजारातच मिळतात.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण आम्ही स्वतः तेथे फसलो. जुने यंत्र विकणाऱ्याने मागची नेटवर्कची खाच दाखवली आणि "हे तुमच्या सर्व संगणकांना जोडले जाईल" असे सांगितले. आम्ही घरी आणून जोडले. यंत्र नेटवर्कवर आले, पण तबकडीवरील एकही फाइल संगणकावर दिसेना. तेव्हा कळले की बैठकीच्या खोलीतील चेंजर आणि संगणकाचा चेंजर या दोन वेगळ्या जाती आहेत. पहिल्यातील नेटवर्कची खाच यंत्राची अद्ययावत माहिती, शीर्षके वगैरे आणण्यापुरती असते. चित्र टीव्हीवर दिसते, फाइल बाहेर निघत नाही. दुसऱ्या जातीत तबकडी संगणकाला ड्राइव्हसारखी दिसते, मग ती नेटवर्कवर देता येते. म्हणून जुना चेंजर घेताना विकणाऱ्याकडे एकच मागणी करावी: "तबकडीवरील एक फाइल माझ्या संगणकावर उतरवून दाखवा." दाखवली तर पैसे द्यावेत.

चेंजर वापरण्याचे नियम

यंत्र सपाट व पक्क्या टेबलावर ठेवावे. आत तबकड्या असताना ते हलवू नये. हलवायचे झाल्यास सर्व तबकड्या काढून घ्याव्यात. एका खणात एकच तबकडी ठेवावी. स्टिकर लावलेली, वाकलेली, तडा गेलेली किंवा लहान आकाराची तबकडी आत घालू नये. स्टिकर आत सुटले की हात अडकतो आणि एका तबकडीपायी सर्व बंद पडतात. तबकडी खणात परत गेल्याशिवाय वीज बंद करू नये. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून यूपीएस लावावा. थंड खोलीतून यंत्र वा तबकडी दमट हवेत आणली तर भिंगावर दव धरते. सुमारे तासभर थांबून मगच सुरू करावे.

खण क्रमांक आणि आतील तबकडी यांची यादी यंत्राच्या स्मरणावर सोडू नये. ती वहीत लिहावी. खण क्रमांक, तारीख, ग्राहकाची खूण, विषय आणि शेवटचे तपासल्याची तारीख, असे पाच रकाने पुरेत. यंत्र बिघडले तरी वही राहते.

नेटवर्कवर देताना चेंजर जोडलेल्या संगणकाला राउटरमध्ये कायमचा पत्ता द्यावा, म्हणजे दर वेळी तो शोधावा लागत नाही. मोठ्या फाइलींसाठी वाय-फायपेक्षा तार बरी. ड्राइव्ह एकच असल्याने दोन माणसांनी दोन तबकड्या एकदम मागू नयेत. तसे केले तर यंत्र एक काढते, दुसरी घालते, पुन्हा पहिली घालते, आणि काम कोणाचेच होत नाही. वारंवार लागणारी तबकडी एकदा हार्ड डिस्कवर उतरवून तेथूनच वापरावी. जुन्या तबकडीतून व्हायरस येतो, म्हणून तबकडी घालताच आपोआप सुरू होण्याची सोय संगणकात बंद ठेवावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट परवानगीची. नेटवर्कवर ठेवलेली वस्तू म्हणजे दुकानात उघडी ठेवलेली वस्तू. लग्नाच्या चित्रीकरणात बायकांच्या बैठकीचा भाग असतो. त्या घराने तो आपल्यावर विश्वास टाकून काढू दिलेला असतो. दुकानाच्या वाय-फायचा पासवर्ड चहावाल्या पोरालाही ठाऊक असेल आणि त्याच नेटवर्कवर हे चित्रीकरण बिनकुलपाचे पडले असेल, तर तबकडी खराब होण्यापेक्षा ते नुकसान मोठे आहे. वेगळे नाव व पासवर्ड ठेवावा, फक्त वाचण्याची परवानगी द्यावी, ग्राहकांसाठीचे वाय-फाय वेगळे करावे आणि बाहेरच्या इंटरनेटवरून हा साठा उघडण्याची वाट ठेवूच नये. रद्द केलेली तबकडी भंगारात जशीच्या तशी देऊ नये. ती कापडात गुंडाळून, डोळे सांभाळून, कात्रीने कापावी.

तसेच, येथे सांगितलेले सर्व आपल्या स्वतःच्या कामाविषयी आहे. दुसऱ्याच्या चित्रपटाच्या वा गाण्याच्या सीडीची नक्कल करून विकणे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने गुन्हा आहे. तसली कमाई घरात आणू नये.

आता वेळ कोणाची? प्रत काढण्याची

तबकडीची निगा कितीही राखली तरी ती कायमची नाही आणि तिचा बाजारही सरत चालला आहे. मोझर बेअर ही १९८३ साली स्थापन झालेली भारतीय कंपनी. तबकड्या बनवणाऱ्या जगातील मोठ्या कंपन्यांत तिची गणना होत असे. लॅमिंग्टन रोडवरून आपण तिच्या कोऱ्या तबकड्यांच्या थप्प्या आणल्या. पुढे तिने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकून चित्रपटांच्या बाजारातही खळबळ केली. २०१८ साली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तिचे दिवाळे काढून मालमत्ता विकण्याचा आदेश दिला. जपानची ताइयो युदेन ही कंपनी सीडी-आरची जनक म्हणून नावाजलेली. तिने २०१५ च्या अखेरीस हा धंदा सोडला. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिण्याच्या ब्लू-रे तबकड्या बनवणे थांबवले. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह राहिलेला नाही. म्हणजे तबकडी धडधाकट असली तरी वाचायला यंत्र मिळणार नाही, असा दिवस दूर नाही. व्हीएचएस कॅसेटचे आपण हेच पाहिले.

काम किती आहे, त्याचा हिशेब मांडावा. समजा आपल्याकडे ६०० डीव्हीडी आहेत. प्रत्येकी ४.७ गिगाबाइट धरले तर २,८२० गिगाबाइट झाले. ४ टेराबाइटच्या एका हार्ड डिस्कमध्ये ते मावते. एका तबकडीस पंधरा मिनिटे धरली तर ९,००० मिनिटे, म्हणजे १५० तास. रोज तीन तास काम केले तर पन्नास दिवस. गल्ल्यावर बसल्या बसल्या हे होते. डोंगराएवढे वाटणारे काम रमजानपासून बकरी ईदपर्यंतच्या काळात उरकते.

क्रम महत्त्वाचा आहे. सर्वांत जुन्या, हलक्या प्रतीच्या व स्टिकर लावलेल्या तबकड्या आधी घ्याव्यात. मृत माणसांचे आवाज व चेहरे ज्यांत आहेत आणि ज्यांची दुसरी प्रत नाही, त्या सर्वांच्या आधी.

तबकडी वाचताना अडली तर घाबरून पुन्हा पुन्हा तीच घालू नये. पुसावी, दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घालावी. एका ड्राइव्हला न वाचता आलेले दुसरा पुष्कळदा वाचतो. डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्राम आहे. तो आधी चांगला भाग उतरवून घेतो, खराब जागांची नोंद ठेवतो व मग त्यांच्यावर पुन्हा प्रयत्न करतो. तीच नोंद घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर काम पुढे चालू करता येते. त्या नेरळच्या भगिनींच्या वेळी हे आम्हास ठाऊक असते तर कदाचित आणखी काही मिनिटे हाती लागली असती.

प्रत काढली की ताळा घ्यावा. हिशेबात बेरजेचा ताळा असतो तसा फाइलीचाही असतो. संगणक पूर्ण फाइल वाचून आकडे-अक्षरांची एक लांब खूण काढून देतो. तिला चेकसम म्हणतात. फाइलीत एक अक्षर बदलले तरी खूण बदलते. खुणांची यादी जपून ठेवावी व वर्षातून एकदा जुळवावी. जुळली नाही तर दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्त करावे.

कारण हार्ड डिस्कही मरते, आणि तबकडीपेक्षा अचानक मरते. म्हणून आमचा नियम असा: तीन प्रती, दोन जाती, एक परगावी. दोन हार्ड डिस्क आणि तिसरी प्रत तबकडीवर. यांपैकी एक प्रत दुसऱ्या गावी, पनवेलला वा मुंबईला, नातेवाइकांच्या घरी. तबकडीला येथे अजून जागा आहे. एकदा लिहिलेल्या तबकडीवर व्हायरस काही बदलू शकत नाही, हा तिचा गुण. मात्र ताजा माल घ्यावा. कोरी तबकडीही पडून पडून खराब होते. तिचे वय पाच ते दहा वर्षेच धरावे. कमाल वेगाने न लिहिता मध्यम वेगाने लिहावे, शेवटी ती बंद करावी म्हणजे फायनलाइज करावी आणि लिहिलेले तपासून पाहावे.

परगावची प्रत कशाला, असे कोणी विचारील. त्यांनी २६ जुलै २००५ आठवावी. त्या दिवशी उल्हास नदीने कर्जतपासून कल्याणपर्यंत काय केले ते आपण पाहिले आहे. पुराच्या पाण्यात बुडालेल्या तबकड्या लगेच फेकू नयेत. कागद जातो, तबकडी बहुधा वाचते. चिखल वाळू देऊ नये. स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावी, न घासता उभी करून सावलीत सुकवावी आणि ताबडतोब प्रत काढावी. पाण्यात बुडालेल्या हार्ड डिस्कला मात्र वीज देऊ नये. ती जाणकाराकडे न्यावी.

हिशेबाच्या नोंदींबाबत कायद्याचेही बंधन आहे. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. त्या संगणकावर ठेवल्या तर अपघात वा नैसर्गिक आपत्तीनंतर परत उभ्या करता येतील अशी दुसरी प्रत ठेवणे नियमातच सांगितले आहे. "सीडी खराब झाली" हे तेथे उत्तर होत नाही.

शेवटी

नवा चेंजर शोधत फिरण्याची आज गरज नाही, असे आमचे प्रांजळ मत आहे. ज्यांच्याकडे आहे त्यांनी वर सांगितल्याप्रमाणे तो वापरावा आणि त्यातील तबकड्या एकेक करून हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात. ज्यांच्याकडे नाही त्यांनी एक चांगला बाहेरचा ड्राइव्ह व दोन हार्ड डिस्क घेऊन कामास लागावे. एकट्याला परवडत नसेल तर गल्लीतील चार दुकानदारांनी मिळून ड्राइव्ह घ्यावा.

या कामातून रोजीही निघते. आमच्याकडे आता लोक जुन्या सीड्या घेऊन येतात आणि पेनड्राइव्हवर प्रत घेऊन जातात. दर आधी सांगावा. जे निघाले नाही त्याचे पैसे घेऊ नयेत आणि काय निघाले नाही ते ग्राहकास लिहून द्यावे. ग्राहकाची मूळ तबकडी त्याला परत करावी.

हे वाचून झाल्यावर बांधवांनी आजच एक करावे. कपाटातील सर्वांत जुनी तबकडी काढावी आणि ती शेवटच्या मिनिटापर्यंत चालवून पाहावी. सुरुवात चालली म्हणून समाधान मानू नये. आम्ही तेवढ्यावरच समाधान मानले होते.